रुग्णाच्या उशाशी कोण?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. चौघांपैकी एक पाय लंगडा असला तरी चिकित्सा उभी राहत नाही. यांपैकी वैद्य आणि औषध सर्वांच्या लक्षात राहतात. रोगी तर समोरच असतो. विस्मरण होते ते परिचारकाचे, म्हणजे रोग्याच्या उशाशी बसणाऱ्याचे, त्याला पाणी देणाऱ्याचे, रात्री जागणाऱ्याचे. आजच्या विषयाचे मर्म या विसरलेल्या तिसऱ्या पायात आहे.

विषय आहे ख्रिस्ती श्रद्धा आणि प्रार्थनेने होणाऱ्या रोगनिवारणाचा दावा. ‘चंगाई सभा’ हा शब्द आता ग्रामीण महाराष्ट्रालाही अपरिचित राहिलेला नाही. या सभांविषयी ऐकले की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया उमटतात. काहींना संताप येतो, काहींना हसू येते. संतापाने सभा बंद पडेल, पण सभेला गेलेला माणूस परत येणार नाही. हसण्याने तर तो अधिकच दुरावेल. या दोन्ही प्रतिक्रियांत अभ्यासाचा अभाव आहे. तेव्हा प्रथम विषय समजून घेणे आणि मग आपले कर्तव्य ठरवणे, हाच क्रम योग्य ठरेल.

माणूस तेथे का जातो?

डोंगराच्या कुशीतील एखादा वनवासी पाडा डोळ्यांसमोर आणावा. घरातील कर्त्या पुरुषाला झटके येतात. शासकीय निकषानुसार डोंगराळ व वनवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. कागदावर ही संख्या बरी दिसते. पण पावसाळ्यात ओढा भरला की तेच केंद्र परमुलखात गेल्यासारखे वाटते. गोळ्या दोन-तीन वर्षे नियमित घ्यायच्या असतात, हे कोणी समजावून सांगितलेले नसते. गोळ्या संपतात, झटका पुन्हा येतो. भगताकडे कोंबडे जाते, बकरे जाते, शेवटी उधारी होते. शेजारी येईनासे होतात. ‘त्याला बाहेरचे आहे’ अशी कुजबुज सुरू होते आणि विहिरीवरही घरच्या स्त्रीकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

अशा वेळी एके संध्याकाळी तीन-चार माणसे त्या घरात येतात. ती कोंबडे मागत नाहीत. भुईवर बसतात, घरातल्या स्त्रीला ‘ताई’ म्हणतात, रोग्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याचे नाव घेऊन प्रार्थना करतात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात. त्या घराला वर्षभरात मिळालेला हा पहिला मायेचा स्पर्श असतो. पुढे सभेचे आमंत्रण येते, मग साक्ष, मग देवघरातील मूर्ती विसर्जित करण्याची सूचना, आणि कधीकधी ‘आता गोळ्यांची गरज नाही’ हे वाक्य.

या क्रमातील शेवटच्या पायऱ्या आपल्याला खुपतात. पण पहिली पायरी आपण मोकळी सोडली होती, हे मान्य केल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

मूळ ग्रंथात काय आहे?

रोगनिवारण ही ख्रिस्ती धर्मात नंतर शिरलेली गोष्ट नव्हे. शुभवर्तमानांमध्ये येशूच्या चरित्राचा मोठा भाग रोग्यांनी व्यापला आहे. आंधळे, पांगळे, बारा वर्षे रक्तस्रावाने त्रस्त असलेली स्त्री, गावाबाहेर टाकलेले कुष्ठरोगी हे सारे त्यात येतात. याकोबाच्या पत्रात मंडळीतील वडीलधाऱ्यांनी आजाऱ्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी असा आदेश आहे. कॅथलिक पंथात रुग्णाच्या तैलाभ्यंगाला सात संस्कारांपैकी एकाचे स्थान आहे. त्यामुळे ख्रिस्ती माणसाने आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी यात नवल नाही आणि आक्षेपही नाही. हिंदूंच्या घरातही आजारपणात महामृत्युंजयाचा जप होतोच.

परंतु त्याच ग्रंथात दुसरी बाजूही आहे आणि सभांच्या व्यासपीठावरून ती क्वचितच ऐकू येते. संत पौलाने स्वतःच्या शरीरातील एका ‘काट्या’पासून सुटका व्हावी म्हणून तीनदा प्रार्थना केली, तो काटा गेला नाही. तीमथ्य या शिष्याला वारंवार पोटाचा विकार होत असे. त्याला पौल थोडा द्राक्षारस घेण्याचा उपाय सुचवतो. त्रफिम नावाच्या सहकाऱ्याला तो मिलेत येथे आजारी अवस्थेत मागे ठेवून पुढे जातो. लूक या सहकाऱ्याचा उल्लेख तो ‘प्रिय वैद्य’ असा करतो. प्रार्थनेने प्रत्येक रोग जाईलच आणि वैद्य म्हणजे अविश्वास, असे पहिल्या पिढीतील प्रेषितही मानत नव्हते, एवढे यावरून स्पष्ट होते.

जुन्या करारातील नामानाची कथा तर या संदर्भात मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. अराम देशाच्या या सेनापतीला कुष्ठ होते. अलीशा संदेष्ट्याच्या सांगण्यावरून यार्देन नदीत सात वेळा बुडी मारून तो बरा झाला आणि त्याने मोठा नजराणा पुढे केला. अलीशाने त्यातले काहीही घेतले नाही. त्याचा सेवक गेहजी मात्र मागून धावत गेला, खोटे सांगून चांदी आणि वस्त्रे घेऊन आला. परिणामी नामानाचे कुष्ठ त्यालाच जडले. आरोग्याचा मोबदला घेणाऱ्याविषयी बायबलचा निवाडा इतका कठोर आहे.

एकाच परंपरेचे दोन प्रवाह

पुढील दोन हजार वर्षांत या श्रद्धेचे दोन प्रवाह झाले. एक संयमाचा, दुसरा गाजावाजाचा.

संयमाचे उदाहरण म्हणून फ्रान्समधील लूर्द हे तीर्थस्थान पाहता येईल. १८५८ मध्ये बर्नादेत सूबिरू या गरीब मुलीला तेथे मरियेचे दर्शन झाले अशी श्रद्धा आहे. लाखो रोगी तेथील झऱ्यावर जाऊ लागले. १८८३ पासून तेथे दाव्यांची तपासणी करणारे वैद्यकीय कार्यालय आहे. रोग गंभीर होता काय, निदान निश्चित होते काय, सुधारणा अकस्मात, पूर्ण आणि टिकाऊ आहे काय, औषधाने ती झाली असेल काय, असे प्रश्न विचारले जातात. आजवर सात हजारांहून अधिक दावे तेथे नोंदले गेले. चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले दावे सत्तरच्या थोडेसे पुढे आहेत. विज्ञानाच्या कसोटीवर हे सत्तरही वादग्रस्त राहतील. परंतु ज्या संस्थेने आपल्याच भक्तांचे हजारो दावे बाजूला ठेवले तिची सावधगिरी मान्य करायला हवी. स्वतः बर्नादेत दमा आणि क्षयाने जर्जर होऊन १८७९ मध्ये अवघ्या पस्तिसाव्या वर्षी वारली. तिने आपल्या आजाराचा बाजार मांडला नाही.

प्रॉटेस्टंट परंपरेत तर सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन कॅल्विनने रोगनिवारणाचे चमत्कारिक दान प्रेषितांच्या काळाबरोबर संपले असे मानले. अमेरिकेतील धर्मशास्त्रज्ञ बेंजामिन वॉरफिल्ड यांनी १९१८ मध्ये चमत्कारांच्या खोट्या दाव्यांवर एक संपूर्ण ग्रंथच लिहिला. म्हणजे चंगाईच्या प्रदर्शनावर पहिली कठोर टीका ख्रिस्ती पंडितांचीच आहे.

याच प्रवाहातील माणसे डॉक्टर होऊन भारतात आली. १८९० च्या दशकात डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले. मिरजेला आज वैद्यकीय नगरी म्हणून जी ओळख आहे, तिचा आरंभ तेथे आहे. वेल्लोरला आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये छोटा दवाखाना सुरू केला, त्याचे पुढे देशातील अग्रगण्य वैद्यकीय महाविद्यालय झाले. या कार्यामागील धर्मप्रसाराच्या हेतूविषयी मतभेद असू शकतात आणि ते आहेत. पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर या डॉक्टरांनी चाकू, टाके आणि जंतुनाशक यांवरच भिस्त ठेवली, ही वस्तुस्थिती आहे.

दुसरा प्रवाह निराळा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जॉन अलेक्झांडर डाउई नावाचा प्रचारक प्रसिद्धीस आला. इलिनॉय राज्यात त्याने झायन नावाचे नगरच वसवले. तेथे डॉक्टरांना आणि औषधांच्या दुकानांना मज्जाव होता. १९०५ मध्ये या रोगनिवारकाला स्वतःलाच पक्षाघाताचा झटका आला आणि १९०७ मध्ये तो निवर्तला. १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर सुरू झालेल्या जागृतीतून पेंटेकोस्टल चळवळ जगभर पसरली. तिच्या इतिहासात महाराष्ट्राचेही पान आहे : पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती सदनात १९०५ मध्येच अशाच सामूहिक प्रार्थनेची लाट उसळली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ओरल रॉबर्ट्ससारख्या प्रचारकांनी हीच शैली भव्य तंबूंत आणि मग दूरचित्रवाणीवर नेली. आज आपल्या पाड्यांवर जे येते ते बहुतांशी या दुसऱ्या प्रवाहाचे अपत्य आहे. मिरजेचे रुग्णालय आणि मैदानावरील चंगाई सभा यांना एकाच तागडीत तोलणे हा अन्याय होईल.

दाव्यांची तपासणी

दाव्यांचे काय होते? अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. विल्यम नोलन यांनी कॅथरिन कूलमन या प्रसिद्ध प्रचारिकेच्या सभेत ‘बऱ्या झालेल्या’ रुग्णांचा पाठपुरावा करून १९७४ मध्ये पुस्तक लिहिले. खऱ्या अर्थाने सेंद्रिय रोग बरा झालेला एकही रुग्ण त्यांना आढळला नाही. मणक्यापर्यंत कर्करोग पसरलेली एक स्त्री सभेच्या आवेशात कमरेचा आधारपट्टा फेकून व्यासपीठावर धावली. दुसऱ्याच दिवशी तिचा मणका खचला आणि काही महिन्यांत तिचा मृत्यू झाला. कूलमन फसवणूक करतात असे नोलन यांनी म्हटले नाही; त्यांच्या मते त्या प्रामाणिक होत्या, परंतु रोगांविषयी अजाण होत्या. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, कारण प्रामाणिक माणसाच्या हातूनही मणका मोडू शकतो.

सर्वच प्रामाणिक नसतात. १९८६ मध्ये पीटर पोपॉफ हा प्रचारक प्रेक्षकांतील अनोळखी माणसांची नावे, पत्ते आणि रोग ‘दैवी ज्ञानाने’ सांगत असे. जेम्स रँडी या जादूगाराने रेडिओ लहरी पकडणारे यंत्र लावून हे दैवी ज्ञान ऐकले, तेव्हा तो पोपॉफच्या पत्नीचा आवाज निघाला. लोकांनी आधी भरून दिलेल्या प्रार्थनापत्रिका वाचून ती पतीच्या कानातील यंत्रात माहिती सांगत होती. दूरचित्रवाणीवर हा प्रकार उघड झाला, दुसऱ्या वर्षी पोपॉफने दिवाळे जाहीर केले; आणि काही वर्षांनी तो पुन्हा त्याच व्यवसायात दिसू लागला. श्रद्धेची भूक इतकी मोठी असते.

प्रार्थनेच्या परिणामाचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले १,८०२ रुग्ण होते. त्यांचे तीन गट केले गेले. पहिल्या दोन गटांतील रुग्णांना आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही हे ठाऊक नव्हते. त्यांत प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्क्यांना आणि न झालेल्यांपैकी ५१ टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत उद्भवली. ‘तुमच्यासाठी निश्चितपणे प्रार्थना होणार आहे’ असे ज्या तिसऱ्या गटाला सांगितले होते, त्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. दूरवरून केलेल्या प्रार्थनेने शरीरातील बिघाड दुरुस्त होतो, असे यातून दिसत नाही.

तरीही सभेतून परतलेला माणूस ‘बरे वाटते’ म्हणतो आणि तो खोटे बोलत नसतो. बरेच आजार आपल्या गतीने येतात आणि जातात. पाठदुखी, संधिवात, दमा यांत चढउतार असतो. माणूस सभेला जातो तो त्रास शिगेला पोहोचल्यावर, त्यामुळे त्यानंतर उतार येणे स्वाभाविक असते. समूहाच्या उत्साहात वेदना काही काळ जाणवत नाही. मनाच्या ताणातून आलेला अर्धांगवायूसारखा विकार आश्वासक स्पर्शाने सुटू शकतो. शिवाय अनेकांचे औषध चालूच असते, श्रेय मात्र प्रार्थनेला मिळते. आणि व्यासपीठावर साक्ष द्यायला बरा झालेलाच येतो. जो बरा झाला नाही, त्याला कोणी ध्वनिक्षेपक देत नाही. जो वारला, त्याची साक्ष होत नाही.

ओलांडू नयेत अशा तीन रेषा

मग आक्षेप नेमका कशाला? प्रार्थनेला नव्हे, ख्रिस्ती समाजाला तर नव्हेच. आक्षेप आहे तीन रेषा ओलांडण्याला.

पहिली रेषा औषधाची. प्रार्थना औषधाबरोबर चालू शकते. औषधाच्या जागी ती आली की जीव जातो. क्षयरोगाच्या गोळ्या सहसा सहा महिने घ्याव्या लागतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि रोगी म्हणतो की आपण बरे झालो. नेमक्या त्याच वेळी कोणी ‘प्रभूने बरे केले’ असे सांगून गोळ्या सोडायला लावल्या, तर उरलेले जंतू औषधाला न जुमानणारे होऊन परततात आणि घरातील लहान मुलांपर्यंत पोहोचतात. लहानपणी जडणाऱ्या मधुमेहात इन्सुलिन थांबले तर काही दिवसांतही मृत्यू ओढवू शकतो. ‘पेडियाट्रिक्स’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७५ ते १९९५ या काळात पालकांनी धर्मश्रद्धेपोटी उपचार नाकारल्यामुळे झालेल्या १७२ बालमृत्यूंचा त्यात विचार होता. त्यांपैकी १४० मुलांचे आजार असे होते की उपचार मिळाले असते तर जगण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक होती. हे अमेरिकेतील ख्रिस्ती घरांमधील आकडे आहेत. औषध सोडल्याची किंमत धर्म पाहून ठरत नाही.

दुसरी रेषा मोबदल्याची. ‘बरा करीन, पण आधी देव बदल’ हा सौदा झाला. पैशात केला काय आणि निष्ठेत केला काय, सौदा तो सौदाच. अलीशाने जे नाकारले तेच गेहजीने मागितले. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाची संमती ही मोकळ्या मनाची संमती नसते. ताप उतरल्यावर, पोट भरल्यावर, चार लोकांत बसून कोणी कोणत्या उपासनेचा विचार केला, तर तो त्याचा अधिकार आहे. तापात घेतलेली शपथ हा विचार नव्हे.

तिसरी रेषा सर्वांत क्रूर आहे, आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. रोगी बरा झाला नाही तर ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असे त्याला सांगितले जाते. म्हणजे आजाराच्या ओझ्यावर अपराधाचे ओझे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूचे उत्तर, दोघांचेही नाही, असे आहे. ज्याच्या नावाने सभा भरते त्यानेच रोग्यावर दोष ठेवण्यास नकार दिला होता.

राज्यघटना काय सांगते?

घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकाला धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार दिला आहे. हा अधिकार सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. आरोग्य हा शब्द घटनेतच आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. मध्य प्रदेश शासनाने १९५४ मध्ये नेमलेल्या न्या. भवानीशंकर नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचे थेट साधन म्हणून वापर करण्यास कायद्याने मनाई असावी, अशी शिफारस केली होती. या समितीत एक ख्रिस्ती सदस्यही होते. मध्य प्रदेशच्या १९६८ च्या कायद्याने ईश्वरी अवकृपेची धमकी ही बळजबरीच मानली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात हा कायदा वैध ठरवला आणि प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा अधिकार अंतर्भूत नाही, असा निर्वाळा दिला.

१९५४ चा जादूचे उपाय व औषधे यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा केंद्रीय कायदा कर्करोग, मधुमेह, अंधत्व, अपस्मार अशा रोगांवर दैवी उपायांची जाहिरात करण्यास मनाई करतो. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा सर्व धर्मांच्या माणसांना सारखाच लागू आहे. तेव्हा जेथे औषध बंद पाडले जाते, जेथे फसवणूक होते, तेथे मार्ग आहे तो तक्रारीचा, साक्षीपुराव्याचा आणि न्यायालयाचा. सभेवर चालून जाण्याने कायदा मोडणारे आपण ठरतो, आणि ज्या रोग्यासाठी हे सारे करायचे तो भयभीत होऊन आणखी दूर जातो.

हीच फूटपट्टी घरातही

इथे एक गोष्ट प्रांजळपणे बोलली पाहिजे. दुसऱ्याच्या व्यासपीठाला लावलेली फूटपट्टी आपल्या अंगणातील बाबाला लावली नाही, तर आपल्या बोलण्याला वजन राहणार नाही. अंगारा देऊन कर्करोग बरा करणारे, मुलगा होण्याचे औषध देणारे, करणी काढण्यासाठी हजारो रुपये घेणारे आपल्या समाजात कमी नाहीत. पाड्यावरील त्या स्त्रीला सभेकडे नेणाऱ्या वाटेवर पहिला खड्डा भगताच्या कोंबड्याचा होता, हे विसरता येणार नाही.

आपली परंपरा याबाबत अधिक डोळस आहे. चरकाने चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले : मंत्र, होम, उपवास यांवर आधारलेली दैवव्यपाश्रय, आहार आणि औषध यांची युक्तीने योजना करणारी युक्तिव्यपाश्रय, आणि मनाला अहितकर गोष्टींपासून आवरणारी सत्त्वावजय. श्रद्धेला त्यात स्थान आहे, पण एकामुळे दुसरी बंद करावी असे चरक म्हणत नाही. तुकोबांनी नवसाने संतती मिळते या कल्पनेची थट्टा केली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी विज्ञाननिष्ठेचा आग्रह आयुष्यभर धरला. गाडगेबाबा कीर्तनातून नवससायास आणि पशुबळी यांवर कोरडे ओढत, आणि त्याच बाबांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या. अंधश्रद्धा सोडा म्हणणे आणि निवाऱ्याची सोय करणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली. नुसते पहिले काम केले असते तर तो उपदेश ठरला असता.

कात्रेगुरुजींचे उत्तर

या विषयाचे उत्तर एका माणसाने आपल्या झडलेल्या बोटांनी लिहून ठेवले आहे. सदाशिव गोविंद कात्रे यांचा जन्म १९०९ मध्ये मध्य भारतातील गुना भागात एका मराठी घरात झाला. रेल्वेत नोकरी, संसार, सर्व काही सुरळीत असताना त्यांना कुष्ठाने गाठले. तो काळ बहुविध औषधोपचाराच्या आधीचा. आज सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेऊन हा रोग पूर्ण बरा होतो. त्या काळी मात्र कुष्ठ म्हणजे जिवंतपणी समाजातून उठणे. नातलग दुरावले. उपचारासाठी ते मिशनच्या एका कुष्ठरुग्णालयात दाखल झाले. तेथे औषध होते, मलमपट्टी होती. आणि रुग्णांनी ख्रिस्ती व्हावे ही अपेक्षाही होती. कात्रे यांना ती मान्य झाली नाही.

त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. मिशनला शिव्याशाप देत उरलेले आयुष्य काढणे हा एक. पण त्यांनी प्रश्न उलटा विचारला : हे रुग्ण येथे आले का? कारण हिंदू समाजाने त्यांना दुसरी जागाच ठेवली नव्हती. द्वितीय सरसंघचालक श्रीगुरुजींचे मार्गदर्शन घेऊन त्यांनी १९६२ मध्ये चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. स्वतः रोगाने ग्रासलेला हा माणूस दारोदार जाऊन मूठमूठ धान्य गोळा करी आणि रुग्णांना जेवू घाली. १९७७ मध्ये ते गेले, पण काम थांबले नाही. अमरावती जिल्ह्यातून आलेल्या दामोदर गणेश बापट यांनी सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी तेथे पाऊल ठेवले आणि सारे आयुष्य त्या रुग्णांमध्ये घालवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा देहही वैद्यकीय शिक्षणासाठी दिला गेला. कात्रेनगरात रुग्ण नुसते मलमपट्टी घेत नाहीत. ते शेती करतात, दोऱ्या वळतात, खडू तयार करतात, त्यांची मुले शिकतात.

याच मराठी मातीत अमरावतीचे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन उभे राहिले, वरोऱ्याला बाबा आमटे यांचे आनंदवन फुलले. मुंबईत परळला नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून बाहेरगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना आसरा देत आहे. या ठिकाणी कोणालाही जात आणि पंथ विचारून अंथरूण दिले जात नाही, आणि बरे झाल्यावर कोणाकडून काही वदवून घेतले जात नाही.

आपल्या वाट्याचे काम

तेव्हा कार्यकर्त्याने परत गेल्यावर काय करावे? आपल्या वस्तीतील दीर्घ आजाराच्या रुग्णांची यादी करावी : क्षय, अपस्मार, मधुमेह, कर्करोग, मनोविकार. गोळ्या कोठून येतात, कधी संपतात, कोण आणून देते, हे विचारावे. क्षयरुग्णाला शासनाकडून पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कम खात्यात जमा होते की नाही, ते पाहावे. झटके म्हणजे बाहेरची बाधा नव्हे, हे शेजाऱ्यांना समजवावे. आणि गृहिणींनी विशेषेकरून त्या घरातील स्त्रीकडे जावे, कारण रुग्णाचा रोग एक असतो, त्याला सांभाळणाऱ्या स्त्रीचे एकटेपण वेगळे असते. एखाद्या आजाऱ्यासाठी ख्रिस्ती शेजारी प्रार्थना करत असेल तर त्याच्याशी भांडण मांडू नये. त्याला एवढेच विनवावे की भाऊ, प्रार्थना कर, पण गोळी चुकू देऊ नकोस. बहुसंख्य ख्रिस्ती बांधव हे आनंदाने मान्य करतील.

लूकच्या शुभवर्तमानातील एक दृष्टान्त जगप्रसिद्ध आहे. वाटेत लुटारूंनी मारून टाकलेल्या माणसाजवळून त्याच्याच धर्माचा याजक गेला, लेवीही गेला. दोघे बाजूने निघून गेले. थांबला तो परक्या मानलेल्या शोमरोन प्रांताचा माणूस. त्याने जखमा धुतल्या, बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले आणि खर्चाचे पैसे दिले. चमत्कार केला नाही, धर्म विचारला नाही, अट घातली नाही. चरकाच्या भाषेत सांगायचे तर तो तिसरा पाय होऊन उभा राहिला. जाता-येता बाजूने निघून गेलेल्या त्या दोघांत आज आपला समाज आहे काय, हा प्रश्न कोणत्याही प्रचारकापेक्षा आपल्याला अधिक विचारावा लागेल.

पाड्यावरच्या त्या घरात या आठवड्यातही संध्याकाळ होईल. भुईवर घोंगडे अंथरले जाईल. त्यावर कोण येऊन बसते, यावर पुढचे सारे ठरणार आहे.